दुखतंय का, विचारलं की

शुक्रवारी सुट्टीला मंडळी आमच्या कुवेतमधल्या रिग्गईच्या घरी जमली की कुणीतरी म्हणायचंच, "सिस्टर, वॉर्डातलं काहीतरी सांगा." नव्वदच्या दशकात मी इथे आले आणि पुढची सगळी वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली. तिथे मराठी कळणारी मी एकटी. आपल्याकडचा पेशंट आला की बाकीच्या मल्याळी मुली मलाच हाक मारायच्या. पेशंट घरी गेले, त्यांची बोलणी मात्र माझ्याकडेच राहिली.

*

ऑपरेशननंतर आम्ही विचारायचो, शून्य ते दहात किती दुखतंय? दापोलीकडचे सुर्वे नावाचे वेल्डर होते, मांडीत रॉड घातलेला. कधीही विचारा, म्हणायचे, "दोन." उशी घामाने ओली, ओठ दाताखाली, आणि आकडा दोन.

आमचे सर्जन हैदराबादचे. एकदा ते स्टूल ओढून शेजारी बसले. "सुर्वे, ये नंबर हम कंपनी को नहीं बताते. सिर्फ दवा देते हैं."

सुर्व्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरं काय हो?"

"खरं."

"मग नऊ लिहा."

*

अहमदी भागात राहणाऱ्या एका मराठी बाईंचं स्तनाचं ऑपरेशन होतं. सोबत कॉलेजातली मुलगी. डॉक्टर तपासत असताना बाई तिच्या कानाशी म्हणाल्या, "मला फार भीती वाटतेय गं."

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतात?

मुलगी म्हणाली, "शी इज फाइन."

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, असं का सांगितलंस? तिने खाली बघून उत्तर दिलं, "शी टोल्ड मी. नॉट हिम."

मी डॉक्टरांशी बोलले आणि तिला थिएटरच्या दारापर्यंत येऊ दिलं. दारात आईनेच तिचे डोळे पुसले.

*

एक कुवेती आजी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. थिएटरमध्ये न्यायला वेळ होता. त्यांनी माझं मनगट जे धरलं ते सोडेनात. अरबीत काहीतरी सांगत राहिल्या, मध्येच थांबायच्या, परत सांगायच्या. मी आपलं मराठीत "हो आजी, हो" करत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा मला शोधत आला. इंग्रजीत म्हणाला, "आईने तुम्हाला माझ्या भावाबद्दल सांगितलं म्हणे. लढाईत तो बेपत्ता झाला, तेव्हापासून तिने घरात त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. काय म्हणाली?"

मला अरबी यायचं ते औषध आणि दुखण्यापुरतं.

मी म्हटलं, "खूप वेळ सांगत होत्या."

*

गुहागरकडचा मारुती शटरिंगचं काम करायचा, महबूलाला बाकीच्या कामगारांबरोबर खोलीत राहायचा. त्याच्या आतड्यात गाठ निघाली. साधी की वाईट, ते काढल्यावरच कळणार होतं. गावी बायकोला त्याने सांगून ठेवलं, वाळवंटातल्या साइटवर जातोय, फोन लागायचा नाही.

थिएटरला नेताना त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. "ताई, सुनंदाचा फोन आला तर साइटवर गेलेत म्हणा. दुखलं तर मी सोसेन. तिचं रडणं मला ऐकवत नाही."

तो आत असतानाच फोन आला. मी नाव न सांगता म्हटलं, "ते साइटवर गेलेत. फोन इथेच राहिला."

तेवढ्यात माझ्यामागून एका पेशंटने 'सिस्टर' म्हणून हाक मारली. मग ती म्हणाली, "बरं. सिस्टर, ते साइटवरून शुद्धीवर आले की मला एक मिस्ड कॉल द्याल?"

मी दिला.

गाठ साधी असल्याचा रिपोर्ट आला, त्या दिवशी मारुतीने स्वतः फोन लावला. एक हात टाक्यांवर दाबून धरलेला. "हो, रेंजच नव्हती तिकडे. जेवतो की. नाही गं, दमलोय, म्हणून आवाज असा येतोय."

फोन ठेवून त्याने मान मागे टेकली. चेहरा अगदी निवांत झाला होता.

"बरं झालं सांगितलं नाही, ताई," तो म्हणाला. "उगाच घाबरली असती."