सुनीला बघायला पाहुणे येणार होते

इंदापूरच्या स्टँडवर आईनं मला पुण्याच्या एसटीत बसवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीला, सुनीला, बघायला कोऱ्हाळ्याचे पाहुणे येणार होते.

"तिचं ठरलं की ये," आई खिडकीतून म्हणाली. "तुझं काय चुकलंय असं न्हाय गं. पन लोक इचारत्यात, ह्यांच्या रक्तातच हाय का म्हनून."

माझ्या गळ्यावर आणि हातांवर कोड होतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. पण डाग उठल्यापासून आमच्या गावात, वरकुट्यात, माझं नाव मागं पडलं होतं. मी 'ती डागवाली' झाले होते.

सुनीचं लग्न झालं, मला मात्र लग्नालाही बोलावलं नाही. मी पुण्यात नर्सिंग केलं, जर्मन शिकले आणि हॅम्बुर्गला आले. इथं ट्रेनमध्ये लोक बघतात ते माझ्या डागांकडं नव्हे, उरलेल्या सावळ्या कातडीकडं. पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा हसू आलं. खोलीवर जाऊन मग बरीच रडले.

गेल्या वर्षी सुनीचा फोन आला. तिच्या मुलीच्या, अन्वीच्या, ओठाजवळ डाग उठला होता. घरात दिराचं लग्न होतं आणि पोरीला लग्नात आणू नका, असं सासू म्हणत होती.

"आक्का, सासूबाई म्हनत्यात हे माहेरचं आलं. खरं हाय का?"

"थोडं रक्तातून येऊ शकतं," मी म्हणाले. "पण पोरीला लपवायचं, हे रक्तातून येत नाही. मी येते."

कोऱ्हाळ्यात पोचले तर आई आधीच आलेली. सुनीच्या सासूसमोर बसून ती शांतपणे बोलत होती, "इहीणबाई, एकीला लांब ठिवून बघितलंय मी. अजून भरून निघंना. आता ह्या दोघी माझ्यासंगं पुढं बसत्याल."

लग्नात बसलो आम्ही पुढं. काही बायका वळून वळून बघत होत्या. आई येईल त्याला सांगत होती, "ही माझी थोरली. हांबूरला नर्स हाय. आन ही नात."

रात्री अन्वीनं विचारलं, "मावशी, मी पन जाऊ का जर्मनीला?"

"तुला जावंसं वाटलं तर जा."

जिथून जा म्हणून कुणी सांगत नाही, ते माझं घर. हॅम्बुर्ग आधी तसं झालं. वरकुट्याला वेळ लागला. यंदा दिवाळीला तिथं जायला मी दोन महिन्यांची रजा टाकली आहे.