नव्या ट्रकची सीलबंद डबी

आमच्या ह्यांच्या हाताला कारंज्यात मान होता. मंगरूळपीरच्या रस्त्यावर टिनाच्या शेडमध्ये ते मोटारींचं इलेक्ट्रिकचं काम करत, आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. जीप असो नाहीतर ट्रक, डायनमो बिघडला की लोक त्यांच्याकडेच येत. ते डायनमो खोलत, जळालेली तार हुंगत आणि मला हाक मारून दाखवत, "हे पाह्य, इथं काळी पडली." मला त्यातलं काय कळणार? पण पोळी तव्यावर टाकून मी बघायला जायची.

त्यांची एक परीक्षा होती. काम झालं की इंजिन चालू ठेवायचं, हेडलाइट लावायचे आणि बॅटरीची तार उपटायची. दिवे तसेच राहिले तर डायनमो वीज देतो आहे, विझले तर पुन्हा खोला. सगळेच मिस्त्री असं करत, पण ह्यांची ऐट काही और. समोरच्या टपरीवरची माणसं कप हातात घेऊन बघायला येत. मी म्हणायची, "तिकीट लावा आता." ते लाजायचे आणि पुढच्या वेळी आणखी झोकात तार उपटायचे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. गावातल्या एका जैन सेठजींनी कापसाच्या हंगामाआधी नवा ट्रक आणला. त्यांच्या जुन्या गाड्या सगळ्या आमच्याच शेडमध्ये यायच्या, म्हणून हाही आला. यात डायनमोच्या जागी अल्टरनेटर होता आणि त्याला जोडलेली, वीज आवरून धरणारी एक सीलबंद डबी. आत ट्रान्झिस्टर आहेत म्हणे. आम्हाला ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ. तो इंजिनापाशी कशाला, असं मी विचारलं तर हे हसले. "कंपनीवाल्याईले गाणे आयकाचे असतीन."

तक्रार साधी होती, दिवे मंद वाटत होते. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल झालाय हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं आणि ताणून बसवला. तिथेच थांबले असते तर! पण टपरीवरची माणसं जमली होती, सेठजी स्वतः उभे होते. इंजिन चालू, दिवे चालू. त्यांनी तार उपटली.

दिवे भर दुपारी डोळे दिपतील इतके पांढरे झाले आणि गेले. डबीतून जळका वास आला. ह्यांनी तार परत लावली, काढली, पुन्हा लावली. मला दारातून ओरडावंसं वाटत होतं की सोडा आता ती तार.

सेठजींनी अकोल्याहून बोलावलेल्या मिस्त्रीने सांगितलं, या गाडीत चालू इंजिनावर बॅटरी तोडायची नसते, वीज एकदम चढते आणि आतलं सगळं जळतं. ह्यांना हे कुठून कळायचं? गाडी बनवणाऱ्यांनी नवी वस्तू बसवली, पण उद्या ज्यांच्या हातात ती गाडी पडणार त्यांना कोणी सांगायला आलं नाही. त्या लोकांचा मला अजून राग येतो. डबी अकोल्यात मिळेना, अमरावतीतही मिळेना. ऐन हंगामात ट्रक आमच्या दारात उभा राहिला. सेठजी चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मिस्त्री, होते असं. मनाले लावून घेऊ नका." ह्यांनी लावूनच घेतलं.

जळालेली डबी ह्यांनी छिन्नीने फोडली. आत डांबरासारखा कडक मसाला ओतलेला होता. तो टोकरून काढला तेव्हा तांदळाएवढे तुकडे हाती लागले. ते घेऊन हे उन्हात बसून राहिले.

"काय झालतं आत?" मी विचारलं.

"दिसतच नाही वं. जळालं का चांगलं हाये, काईच दिसत नाही. आता शेडात कायले बसू मी?"

"जुन्या गाड्या हायेत ना अजून."

"किती दिवस?"



शेवटी कुठूनशी नवी डबी आली आणि ट्रक दुरुस्त होऊन गेला, तरी हे शेडमध्ये जाईनात. मी भांडले, रडले, अबोला धरून पाहिला. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसापुढे अबोला तरी काय कामाचा?

एका सकाळी धनजचा एक शेतकरी जुनी जीप घेऊन आला. डायनमोचंच काम. मी धावत आत गेले. "उठा, डायनमो हाये!"

ते उठून बसले. क्षणभर मला वाटलं, सुटलो. त्यांनी दोन्ही हात पुढे धरून पाहिले. मग ते खाली बघत म्हणाले, "सांग त्याले, घरी नाही म्हणून."

मी बाहेर आले. दार सताड उघडं होतं आणि खाटेवर बसलेले हे त्या माणसाला सरळ दिसत होते.

"थे घरी नाही," मी म्हणाले.

त्याने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. समजूतदार होता बिचारा. "मंग उद्या येऊ काय, वहिनी?"

"उद्या बी नाही," मी म्हणाले.