न जुळणारी पानं

फाइना मार्कोव्हनाचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. बाई कुणाशी भांडत नाही, चहाच्या वेळी कोपऱ्यात आपलं कडक बिस्किट भिजवत बसते, म्हणजे काहीतरी लपवत असणारच. रशियातल्या गोर्की शहरातल्या आमच्या संशोधन संस्थेत आकडेमोड तपासायचं काम माझं. संशय घेणं हीच माझी नोकरी.

आमच्याकडे प्रत्येक गणित दोघीजणी वेगवेगळ्या खोल्यांत करत. एक जुन्या पाच अंकी गणनयंत्रावर, दुसरी नव्या आठ अंकी. पहिले तीन अंक जुळले की मी सही करायची.

एकोणीसशे त्रेसष्टच्या हिवाळ्यात लंबकासारख्या आंदोलनांचं एक समीकरण आलं. आलेलं उत्तर पुन्हा त्यातच घालायचं, असं साठ वेळा. फाइना आणि तिची जोडीदार रिम्मा यांची उत्तरं दहाव्या पायरीपासूनच फाटत गेली. झोया आणि लीदा या दुसऱ्या जोडीला त्याच समीकरणाचे दुसरे आकडे दिले होते, त्यांचं साठाव्यापर्यंत तंतोतंत जुळलं. रिम्मा वीस वर्षं नोकरीत मुरलेली, तेव्हा चूक फाइनाचीच. तिला गोदामात पाठवा, असं मी विभागप्रमुख वेनियामिन लुकिच यांना लिहून दिलं. गोदामात गेली की संस्थेने राहायला दिलेली खोली जाणार होती, आणि त्या खोलीत तिची आंधळी आई होती.

फाइना माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"आग्निया स्तेपानोव्हना, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच मोजा, एकाच यंत्रावर दोनदा. दुसऱ्यांदा सुरुवातीच्या आकड्याचा शेवटचा अंक फक्त एकाने वाढवा."

यात काहीतरी डाव असणार, म्हणून मी दाराला कडी लावून आठ अंकी यंत्रावर दोन दिवस एकटीने मोजलं. पंचविसाव्या पायरीला माझीच दोन उत्तरं एकमेकांना ओळख देईनात. पुन्हा तपासलं, चूक कुठेच नव्हती. ते समीकरणच दर पायरीला बारीकसा फरक दुपटीने वाढवत होतं. मग पाच अंकी आणि आठ अंकी यंत्रांची उत्तरं साठाव्यापर्यंत जुळतीलच कशी? झोया-लीदाची पानं काढून पुन्हा पाहिली. एकीने दुसरीचं उतरवलं होतं.

मी वेनियामिन लुकिच यांना सगळं सांगितलं. त्यांनी गोदामाचा कागद फाडला आणि विचारलं, "या दोघींच्या आणखी चारशे पानांवर तुमची सही आहे. त्यांचं काय?"

"फाइनाला तपासू द्या," मी म्हटलं.

ती पानं आता फाइना तपासते, माझ्याच टेबलावर. खरं निघालेलं पान ती माझ्याकडे सरकवते. मला तिची माफी मागायची आहे, अजून मागितलेली नाही.