रिळांची गाडी

आमच्या शाळेच्या हेडमास्तरांइतका लाचार माणूस मला पुढे क्वचितच भेटला. मुरबाडहून धसईकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावात ते दोनच कामं मन लावून करत: पोरांना छड्या मारणं आणि जंगलाच्या ठेकेदाराच्या मागेपुढे करणं. लढाईचे दिवस होते, लाकडाला भाव आला होता, आणि ठेकेदार शाळेला नवी कौलं देणार अशी आवई होती.

त्या ठेकेदाराला खूश करायला त्यांनी शर्यत ठरवली. ज्याने त्याने आपल्या हाताने खेळण्यातली गाडी करायची आणि शाळेसमोरच्या उतारावरून सोडायची. ज्याची पहिली येईल त्याला ठेकेदाराकडून रंगीत पेन्सिलींची पेटी.

मी चौथीत होते. सावरीचा हलका ठोकळा, शिंप्याने टाकलेली दोऱ्याची रिकामी रिळं, मोडक्या छत्रीच्या काड्या, एवढ्यावर माझी गाडी झाली. पण ती उतारावर उड्या मारी. वडिलांनी दोनदा पाहिलं आणि नांगराच्या मोडक्या फाळाचा तुकडा पुढे केला. "खाली वजन बांध गो."

"पोरीला नाय ते शिकवा," आई म्हणाली. पण बांधायला सुतळी तिनेच दिली.

शर्यतीला शाळेतली एकुलती एक खुर्ची ठेकेदाराखाली होती. त्याचा मुलगा माझ्याच वर्गात. त्याची गाडी लालभडक, लोखंडी आसाची. ती ठेकेदाराच्या लाकडाच्या वखारीतल्या सुताराने केली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. हेडमास्तर ती हातात घेऊन म्हणाले, "काय हात आहे पोराचा!" मुलगा मान खाली घालून उभा राहिला.

गाड्या सुटल्या. माझी सरळ खाली गेली, सगळ्यांच्या आधी. लाल गाडी निम्म्यावर वळली आणि गवतात शिरली.

"पुन्हा!" हेडमास्तर ओरडले. "नीट सुटल्या नाहीत."

पुन्हा सोडल्या. पुन्हा तेच झालं. मग ते खाकरले आणि म्हणाले, "नुसता वेग काय कामाचा? गाडीला डौल हवा." आणि पेटी ठेकेदाराच्या मुलाला दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून वर उपदेश: "हार हसत घ्यावी. याला खिलाडूवृत्ती म्हणतात."

तो शब्द त्या तोंडून ऐकताना मला शिसारी आली. मी काही बोलणार तोच मुलगा म्हणाला, "गुरुजी, मी हरलो. आन् गाडी मी केलीच नाय. आमच्या सुताराने केली." त्याने पेटी माझ्या हातात ठेवली.

ठेकेदाराचा चेहरा उतरला. पण हेडमास्तर कसले गडबडतात! क्षणात हात जोडून खुर्चीकडे वळले. "पाहिलंत? केवढं हे मोठं मन! घरचे संस्कार, साहेब, घरचे संस्कार!" आणि तो ठेकेदार खरोखरच फुलला. दोघांपैकी कोणाची कीव करावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा आमच्या ओट्यावर आला. "मला शिकव ना, गाडी कशी करतात ती."

त्याचा हात अगदीच अडाणी. दोन रिळं फोडली, बोट कापून घेतलं. संध्याकाळी आम्ही दोघांनी उतारावर गाड्या सोडल्या. त्याची पहिल्याच खड्ड्यात उलटली. तो पोट धरून हसत खाली धावला, आणि गाडी उचलून ओरडला, "थांब गो, परत सोडू!"