गौराक्काच्या घरात मांडलेली चूल

निपाणीच्या मोटारथांब्यावर त्या दिवशी गाडी सुटायचं नाव घेत नव्हती. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागं कोळशाच्या गॅसचं भलंमोठं पिंप बसवलेलं असायचं. क्लीनर त्या पिंपातला जाळ फुलवायला धडपडत होता आणि धूर उलटा त्याच्याच तोंडावर येत होता. मला पोचवायला आलेले आप्पा, लेकीला निरोप द्यायचं सोडून त्याच्याशी वाद घालत उभे होते.

"अरं, खालची राख काढ की आधी! हवाच शिरंना तर जळंल कसं?"

शेवटी क्लीनरच्या हातातली सळी घेऊन त्यांनीच राख ओढली. जाळ धरला, गाडी थरथरायला लागली. आप्पा खिडकीशी आले. हात कोपरापर्यंत काळे झालेले, म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. मनगटानंच माझा पदर सारखा केला आणि म्हणाले, "नीट ऱ्हा." गाडी हलली. मी रडले नाही. संकेश्वर येईपर्यंत मला त्यांचे ते हातच दिसत होते.

शांते, तू माझी पाठची बहीण. तू आणि आपल्या गावात राहिलेली सगळी, आणि पोटासाठी पुण्या-मुंबईकडं गेलेली आपली भावंडं, दर सणाला मला विचारता की पद्माक्का, तिथं एवढं काय आहे? म्हणून हे लिहायला बसले.

आपल्या घरी आग कधी कोणाला विचारून पेटवावी लागली नाही. उसाचं शेत आपलं, गुऱ्हाळ आपलं. गूळ शिजवायचं चुलवाण आप्पा स्वतः बांधायचे, आणि आजूबाजूच्या गावांतूनही त्यांना बोलावणं यायचं. ओली माती तुडवताना मी त्यांच्या मागं मागं असायची. जाळ कुठून आत जातो, रसाच्या काहिलीखालून कसा फिरतो, धुराड्यातून कसा वर ओढला जातो, हे त्यांनी मला बोट धरून दाखवलं होतं. "धुराला वाट दे, मग आग तुझं ऐकती," असं ते म्हणायचे. पोरीच्या जातीला हे कशाला, असं अव्वा म्हणायची. आप्पा नुसते हसायचे.

लग्नानंतर काही महिन्यांतच ह्यांना बेळगावात खडेबाजारातल्या एका कापडदुकानात काम मिळालं. ते आणि सासूबाई पुढं गेल्या, मी मागून त्या मोटारीनं. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. बिऱ्हाड शहापुरात, एका विणकराच्या घरात मागच्या दोन खोल्यांत होतं. पुढच्या सोप्यात दोन हातमाग, आढ्याला सुताच्या लडी टांगलेल्या, आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत धोट्याचा खटाक-खटाक आवाज. घराची मालकीण गौराक्का. तिचा नवरा मागावर बसला की मान वर करायचा नाही. घर सगळं हिच्या शब्दावर चालायचं. कानडी आणि मराठी ती एकाच वाक्यात बोलायची.

पहिल्याच दिवशी तिनं मला दारात उभं करून सांगितलं, "हे बघ गं, खोली दिली, पाणी दिलं. पण घरात लाकडाची चूल न्हाय. बेंकी बेड." बेंकी म्हणजे आग, आणि बेड म्हणजे नको.

तिची स्वतःची चूल परसात, घरापासून लांब एका छपराखाली होती. तिथं एकाच बाईला बसता येईल एवढीच जागा. आमच्या आधीचे बिऱ्हाडकरू घासलेटच्या स्टोव्हवर स्वयंपाक करायचे. पण आता घासलेट रेशनवर, ते कंदिलालाही पुरत नव्हतं. राहिली कोळशाची शेगडी. शेगडीवर जोंधळ्याची भाकरी करून बघ म्हणजे कळेल. जाळच नाही तर ती फुगायची कशी? दिवस मावळायच्या आत जेवायचा आपला जैनांचा नेम, आणि आत्तींच्या पुढ्यात रोज कच्च्या कडांची भाकरी. त्या काही बोलायच्या नाहीत, कडा बाजूला काढून ठेवायच्या. ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

आषाढात बेळगावचा पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही. दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. अशाच एका सकाळी आत्तींना हुडहुडी भरली म्हणून मी शेगडी त्यांच्याजवळ सरकवली आणि आडावर पाण्याला गेले. परत आले तर त्या भिंतीला टेकून एका अंगावर कलंडलेल्या. हाक मारली, ओ नाही. गालावर मारलं, डोळे उघडेनात. खोलीत धुराचा मागमूसही नव्हता, पण माझंही डोकं गच्च धरल्यासारखं झालं.

मी ओरडले. गौराक्का मागावरून धावत आली. तिनं बघितलं मात्र, आणि पायानं दार उघडून आत्तींच्या काखेत हात घातले. "पाय धर! भायेर वढ!" दोघींनी त्यांना ओढत पडवीत आणलं. पावसाचे शिंतोडे तोंडावर बसले, मोकळी हवा लागली, तेव्हा कुठं त्यांनी डोळे उघडले आणि भडाभडा ओकल्या.

"कोळशाचा वास डोक्यात गेलाय," गौराक्का म्हणाली.

लाकडाचा धूर डोळ्यांना दिसतो, ठसका लागतो, माणूस उठून बाहेर पळतो. हे न दिसणारं विष मात्र झोप लागल्यासारखं माणसाला घेऊन जातं. त्या संध्याकाळी हे घाबरून म्हणाले, "आपण दुसरीकडं खोली बघू."

मी म्हटलं, "दुसऱ्या खोलीत बी चूल लागणारच की. मी हितंच नीट मांडते. तुम्ही फक्त विटा आणा."

"आणि ती मांडू देईल?"

"ते माझ्याकडं लागलं."

दुसऱ्या दिवशी मी गौराक्काजवळ जाऊन बसले. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. काही होणार नाही, घाबरू नकोस, असलं मी काही बोलले नाही. मी विचारलं, "आक्का, आगीचं एवढं भ्या कशानं बसलं?"

मग तिनं सांगितलं. तिचं माहेर वडगावात. तिथंही माग. ती लहान असताना चुलीतली एक ठिणगी उडून सुतावर पडली. माग गेले, सूत गेलं, छप्पर गेलं. माणसं वाचली, पण तिचा बाप त्यानंतर दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं बसला.

"चूल कुठं होती?" मी विचारलं.

"मागाच्या शेजारी. कुडाच्या भिंतीला लागून."

"आणि धूर?"

"धूर काय, कौलातनं जाईल तसा जाईल."

मी कोळशाचा तुकडा घेऊन तिच्या पुढ्यात फरशीवर रेघा ओढल्या. ही मागाची खोली, ही आमची. चूल मागाच्या भिंतीला नाही, परसाकडच्या दगडी भिंतीला. चुलीमागं वैल, म्हणजे एकाच जाळावर दोन भांडी. वैलाच्या मागून धुराडं, ते कौलाच्या वर. आगीला तोंड एकच, पुढचं. धुराला वाट एकच, वरची.

"ठिणगीचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "काजळीचं काय? लग्नाच्या शालूचं पांढरं सूत हाय माझ्याकडं. नुसती धुरी बसली तरी गिऱ्हाईक तोंडावर मारंल."

"मग सुताची एक लड माझ्या खोलीत टांग. दिवसभर मी रांधते. डाग पडला तर चूल पाड."

"पाडीन की! तू रडलीस तरी पाडीन."

"मी न्हाय रडायची."

ह्यांनी सुट्टीच्या दिवशी डोक्यावरून विटा आणल्या. धुराड्यासाठी खानापूरच्या कुंभाराकडच्या भाजक्या नळ्या मिळाल्या, एकात एक बसणाऱ्या. पत्र्यापेक्षा त्याच बऱ्या, पत्रा तापून लाल होतो आणि लढाईत तो मिळतही नव्हता. माती मी स्वतः तुडवली, भुसा आणि शेण घालून, दोन दिवस मुरवून. फरशीवर विटांचा ओटा केला आणि त्यावर चूल घातली. तोंडापुढं हातभर जागा मोकळी सोडली, म्हणजे निखारा घरंगळला तरी विटांवरच पडेल. धुराड्याच्या बुडाशी एक भोक ठेवून त्याला दगडाचं बूच बसवलं, काजळी काढायला.

कौलातून नळी वर काढायला गवंडी बोलावला होता. त्यानं सोय बघून ती वाशाला चिकटूनच वर नेली. मी म्हटलं, लाकडापासून वीतभर लांब घ्या. तो म्हणाला, "बाई, भाजकी माती हाय, तिला काय हुतंय?" मी मोठा जाळ केला आणि शिडीवर चढून त्या वाशावर तळहात ठेवला. ठेववेना. गवंड्याला वर बोलावून त्याचाही हात ठेवायला लावला. तो कौलं काढायला लागला. नळी दोन वाशांच्या बरोबर मध्ये आली, भोवतीची फट त्यानं वीट-मातीनं लिंपली. पुन्हा जाळ केला, पुन्हा हात लावला. वासा गार.

मग आली परीक्षा. गौराक्कानं सकाळीच पांढरीशुभ्र लड आमच्या खुंटीला टांगली आणि स्वतः उंबऱ्यात बसली. मी सरपणाचं एकेक लाकूड दगडावर आपटून घेत होते, किडा-मुंगी असेल तर पडून जावी म्हणून. आपल्याकडं ही रीतच, पण तिला मजा वाटली. "मुंग्यांचं बिऱ्हाड हलीवतीस व्हय गं?" म्हणून ती हसली. आमची दोघींची पहिली हसण्याची वेळ तीच.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं. भाकऱ्या टरारून फुगल्या, वैलावर आमटी रटरटली. आणि मग पश्चिमेचा वारा सुटला. धुराड्यातून एकदम उलटा लोट आला आणि चुलीच्या तोंडातून खोलीभर पसरला. लड खाली काढली तेव्हा ती पांढरी राहिली नव्हती.

गौराक्का उठून उभी राहिली. मी तिच्या आधी बोलले. "आक्का, पाडायची तर पाड. पण चूक चुलीची न्हाय, धुराडं आखूड पडलंय. वारा आढ्यावरनं खाली येतोय आणि धुराला दाबतोय. आढ्याच्या वर नेलं की त्याचा जोर ऱ्हायचा न्हाय. आणखी एक डाव दे."

तिनं माझ्याकडं बघितलं, काळ्या लडीकडं बघितलं. आतून आत्ती म्हणाल्या, "गौराबाई, आज किती तरी दिवसांनी मी भाकरीच्या कडा खाल्ल्या."

मला वाटतं, त्यावरच निकाल लागला. "एकच डाव," गौराक्का म्हणाली आणि लड धुवायला घेऊन गेली.

आणखी दोन नळ्या चढवल्या, धुराडं आढ्याच्या वर गेलं. त्याच्या तोंडावर, पाऊस आत पडू नये आणि वारा घुसू नये म्हणून, तीन विटांच्या तुकड्यांवर पालथी कुंडी ठेवली. पुन्हा लड टांगली. या खेपेला वारा दिवसभर घोंघावत होता. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, तेव्हा गौराक्कानं लड काढली, दारात उजेडाला नेली, उलटीपालटी केली, नाकाला लावली. मग पुढं सोप्यात गेली आणि माग चालू झाल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी बघते तर तीच लड मागावर चढलेली.

तेव्हापासून ती चूल जळते आहे. दर पंधरवड्याला बूच काढून मी काजळी ओढते. ओलं सरपण घरात घेत नाही, वाळलेलंही चुलीजवळ रचत नाही. राख हाताला गार लागल्याशिवाय बाहेर टाकत नाही. पावसात आत्ती आता चुलीच्या उबेला बसतात आणि मी निर्धास्त पाण्याला जाते. आळीतल्या दोघी-तिघींच्या घरीही मी अशी चूल घालून दिली. पहिल्यांदा वाशाला हात लावून बघायला मी प्रत्येकीला लावते.

आता स्वराज्य आलं. ह्यांचं दुकानातलं काम पक्कं झालं. आप्पा थकलेत, आपला थोरला अण्णा लिहितो की गावी या, आपलं घर मोठं आहे, तुम्हाला खोली काढून देतो. घर मोठं आहे, खरं आहे. उसाच्या पाकाचा वास आठवला की अजून माझा जीव तिकडं ओढ घेतो, आणि मी येईन तेव्हा महिनाभर राहीन. पण येईन ती माहेरपणाला, कायमची नाही. गावात मला सगळं आयतं मिळालं होतं. इथं माझी आग मी भांडून, हात पोळून, लोकांची खात्री पटवून पेटवली आहे. जी गेली आहेत बाहेर, त्यांना हे सांगायला नको. त्यांनीही कुठं तरी असंच काही मांडलं असेल.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगून थांबते. रात्रभर झड लागली होती. सकाळी परसातल्या छपराला गळती लागून गौराक्काची चूल विझली होती, काडेपेटी सादळली होती. ती डोक्यावर पोतं घेऊन हातात मातीचं खापर धरून माझ्या दारात आली. आपल्याकडं विस्तव कोणाच्याही दारात जाऊन मागत नाहीत. ज्या घराला आपलं मानलं, तिथंच मागतात.

"पद्मा," ती म्हणाली, "इस्तू दे गं थोडा."

मी चिमटा घेतला, चुलीतला चांगला मोठा, लालबुंद निखारा निवडला आणि तिच्या खापरावर ठेवला. त्यावर राख पसरली. मग तिच्या हातावर माझा पदर धरून, पाऊस लागू नये म्हणून, छपरापर्यंत तिच्यासोबत चालत गेले.