खंडेनवमीचं विमान

आमच्या दौलतगंजात येऊन सूर्याजीराव धायबर कुठं राहतात म्हणून विचारलंत, तर लोक डोकं खाजवतील. (नाव मी घेत नाही हं, लोक घेतात ते सांगतेय.) "हवाईराव" म्हणा, कोणीही थेट आमच्या दारात आणून सोडेल.

हे संस्थानच्या पागेच्या खोगीरखान्यात कारकून. घराणं शिलेदारांचं, आजेसासरे म्हणे घोड्यावरून उतरायचे ते फक्त जेवायला. आणि यांना घोडा शिंकला तरी अंगाला खाज सुटते! जीव सगळा विमानात. जर्मनांशी पहिली लढाई संपली त्या वर्षी किल्ल्यावरून एक विमान गेलं, तेव्हा हे न्हाव्यापुढं बसले होते. अर्ध्या गालाला साबण तसाच, खासगी बाजारातून थेट स्टेशनाजवळच्या पडावापर्यंत धावत सुटले. मागून वस्तरा घेऊन न्हावी, त्याच्या मागून मी! लोकांना वाटलं खून पडतोय. विमान केव्हाच झाशीकडं निघून गेलं होतं, आणि हे रस्त्यात उभे राहून हसत होते. "विजया, एकदा, फक्त एकदा वर जायचं. मग मेलो तरी चालेल." मी म्हटलं, आधी उरलेली दाढी करा, मग मरा.

पुढं घरभर कामट्यांची विमानं झाली. माझी एक चांगली साडी पंखांना गेली. मी भांडले, रुसले, माहेरी जाते म्हटलं. तर म्हणाले, "जा, पण येताना पातळ कापड आण." काय करावं अशा माणसाचं!

आणि सव्वीस सालच्या पितृपक्षात गावाबाहेर मुरारच्या माळावर खरंखुरं विमान उतरलं. लष्करी, लढाईच्या काळातलं, दोन मजली पंखांचं, जागोजाग ठिगळं लावलेलं. मशीन बिघडलं म्हणून मार्टिन नावाच्या साहेबानं कसंबसं खाली आणलं. सुटा भाग रेल्वेनं यायचा होता, तोवर विमान ताडपत्रीखाली बांधून ठेवायचं ठरलं. ताडपत्री आणि दोर कुठून? खोगीरखान्यातून! बरोबर कोण गेलं ते वेगळं सांगायला नको.

अठरा दिवस हे घरी फक्त जेवायला आले. पंखाचं कापड फाटलं होतं ते यांनी आरी आणि मेणाचा दोरा घेऊन स्वतः शिवलं. टाके बघून साहेब म्हणे तोंडात बोट घालून उभा राहिला. एक दिवस धापा टाकत आले नि म्हणाले, "विमान एरंडेल पितं!" मशीनला तेच तेल लागतं म्हणे. यांनी दौलतगंजातल्या झाडून सगळ्या दुकानांतलं एरंडेल उचलून नेलं. आठवडाभर गल्लीतली पोरं आम्हाला दुवा देत होती.

नवमीच्या आदल्या दिवशी सुटा भाग आला. साहेब म्हणाला, उद्या दुपारी एक फेरी मारून बघतो आणि तसाच अंबाल्याला निघतो. हे घरी आले ते तोंड पाडून. मग एकदम ताठ बसले. "उद्या खंडेनवमी. लढाईवर जाऊन आलेलं आहे ते. त्याची पूजा आपण नाही करायची तर कोणी?"

सकाळी फेटा बांधून, आजेसासऱ्यांची तलवार घेऊन पुढं गेले. पूजेचं ताट अर्थातच विसरले, म्हणून ते घेऊन मी टांग्यानं मागून. नाकावरच्या पंख्याला झेंडूची माळ, चाकांना हळदकुंकू, पुढ्यात कोहळा. यांनी तलवार उपसली तसा साहेब दोन पावलं मागं उडाला! कोहळ्याचे दोन तुकडे झाल्यावर त्याला हायसं वाटलं, तो टाळ्या पिटायला लागला. मी पदर ओढून, नाक मुरडत बाजूला उभी. पूजेत माझा हात नव्हता, हे लक्षात ठेवा.

दुपारी निघायच्या वेळी साहेबानं विमानातल्या मागच्या जागेवर थाप मारली. "सूर्याजी, तुमने सिलाई किया, तेल लाया. अब बैठो! एक चक्कर, फिर हम जाएगा."

आता हे नाचतील, साहेबाला मिठी मारतील असं वाटलं. पण यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

नवमीला ज्या हत्याराची पूजा आपल्या हातानं केली, त्याला दसऱ्याच्या सीमोल्लंघनापर्यंत आपण हात लावायचा नाही, वाहन असलं तर चढायचं नाही. आमच्याकडं ही रीत कडक. खोगीरखान्यात त्या दिवशी सुईसुद्धा कोणी उचलत नाही. आणि या शहाण्यानं तासाभरापूर्वी स्वतःच विमानाला कुंकू लावलं होतं!

मी म्हटलं, "अहो, अक्षता टाका, उत्तरपूजा झाली म्हणा आणि बसा!"

"देव आहे का तो, अक्षता टाकून उठवायला? हत्यार आहे."

"साहेब नाही का बसत?"

"पूजा साहेबानं नाही केली. मी केलीय."

"मग मरा तिथंच!" मी ओरडले. मला रडू येत होतं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, ते दोन हातांवर आलं, आणि हा माणूस मागं सरतोय! मी पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात हे माझ्याकडं बघायला लागले. तसलं हसू मी अर्ध्या दाढीवर पाहिलं होतं.

"तू कुठं पूजा केलीस? तू तर नाकं मुरडत होतीस. तू बस."

"मी? बाई गं! नऊवारीत?"

साहेबानं चष्मा दिला, यांनी पदर कंबरेला खोचायला लावला आणि विमानाला बोट न लावता मला उचलूनच आत टाकलं. मशीन सुरू झालं, झेंडू चहूकडं उधळले, एरंडेलाचे शिंतोडे तोंडावर, आणि मी कुलदैवतापासून माहेरच्या मारुतीपर्यंत सगळ्यांना हाका मारत असताना जमीन सुटली. मग बघते तर किल्ला खाली. माझ्या खाली, किल्ला! मी आधी किंचाळले, मग हसत सुटले, ते खाली उतरेपर्यंत थांबलेच नाही.

साहेबानं मला उतरवलं, टोपी हलवली आणि निघून गेला. हे तिथंच उभे होते. हळू विचारलं, "कसं होतं?"

यांना वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, "कसलं काय! नुसता धूर नि गोंगाट. तुमचं काही गेलं नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तोंड तेलानं काळं, केस सुटलेले, आणि हसू काही केल्या मिटेना.

"खोटारडी!" म्हणून ते इतके हसले की खालीच बसले. "चल, सगळं सांग. अगदी पहिल्यापासून."

टांगा परत पाठवला आणि आम्ही चालत निघालो. मुरारच्या पुलावर मी म्हटलं, किल्ला एवढासा, माझ्या तळहाताएवढा दिसत होता. तर भर रस्त्यात यांनी माझा हात हातात घेतला! येणारेजाणारे थांबून बघायला लागले.

"अहो, सोडा, लोक बघताहेत."

"बघू देत. पडाव कुठं होता?"

मी मनगटाशी बोट ठेवलं, अंदाजानंच.

"आपलं दौलतगंज?"

तेही अंदाजानं दाखवलं.

"आणि मी?"

तिथं मात्र अंदाजाची गरज नव्हती. वर असताना किल्ल्यावरचा तो एक क्षण सोडला, तर सगळा वेळ मी यांच्याकडंच बघत होते.