उतरलेली बॅटरी आणि पहिली पत्रिका

शर्वरीचं लग्न ठरलं तेव्हा घरात सगळे पेढे खात होते आणि मी एकटी मनातल्या मनात एका माणसाला शोधत होते. माझ्या मुलीला मामा नव्हता. मी आईवडिलांची एकुलती एक. सख्खा भाऊ नाही, चुलत नाही, मावस नाही. आईवडील गेल्यावर तर माहेर म्हणून जायला दारसुद्धा उरलं नाही. मंगलाष्टकांच्या वेळी पोरीच्या पाठीशी उभं कोण राहणार? गुरुजी "मुलीचे मामा" म्हणून हाक मारतील आणि आमच्या बाजूनं कोणी उठणारच नाही, हे चित्र मला भाजी निवडतानासुद्धा दिसायचं. आमच्या ह्यांनी त्यावर तोडगा काढला, "ऑफिसातला कोणीतरी उभा करू. फेटा बांधला की सगळे मामासारखेच दिसतात!" त्या दिवशी मी ह्यांच्या भाजीत मीठ घातलं नाही.

पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीला ठेवायची, ही आमच्या घरची रीत. त्याला आमंत्रण गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात पत्रिका पडत नाही, मग तो नवऱ्यामुलाचा बाप का असेना. हे म्हणाले, "शुभकार्य आहे, आपली गाडी काढू." आपली गाडी! ती जालन्याला आमच्या अंगणात कव्हराखाली समाधी लावून बसलेली असते. दसऱ्याला कव्हर निघतं, झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू फुटतं, की पुन्हा समाधी. ऑफिसला हे स्कूटरवरच जातात. त्या सकाळी चावी फिरवली तर गाडी नुसतं "टक" म्हणाली आणि गप्प झाली. शेवटी गल्लीतल्या लोकांनी धक्का मारला, गाडी खोकली, चालू झाली. शेजारच्या काकांनी खिडकीत तोंड घालून बजावलं, "बॅटरी पार उतरलीय. राजूर येईपर्यंत इंजिन बंद करू नका."

अर्ध्या वाटेपर्यंत हे अगदी शहाण्यासारखे वागले. मग मला हार-दुर्वांची टपरी दिसली. मी "थांबा" म्हटलं, हे थांबले आणि पेट्रोल वाचवायच्या जन्मजात सवयीनं चावी फिरवून मोकळे झाले. इंजिन बंद! आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. टपरीवरची आजी आमच्याकडे पाहत राहिली. धक्का मारायला तिथं ती आजी आणि मी, दोघीच. मी पत्रिकांची पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटले. खरं सांगते, मागणं काही मोठं नव्हतं. 'गणराया, तुझंच आमंत्रण आहे रे. तेवढी गाडी चालू कर.'

गाडी चालू झाली नाही. मोसंबीनं भरलेली एक पिकअप मात्र शेजारी येऊन थांबली. आतून साधारण माझ्याच वयाचा, पांढऱ्या टोपीतला माणूस उतरला. रामकिसन त्याचं नाव, राजूरच्या अलीकडच्या खेड्यातला. त्यानं बॉनेट उघडलं आणि इंजिनाला चिकटलेली झेंडूची वाळकी पाकळी उचलून ह्यांना दाखवली.

"साहेब, ही गाडी तुम्ही चालवून राह्यले का नुसती पूजून राह्यले?"

मी पदर तोंडाला लावला. त्यानं पिकअप जवळ घेतली, दोन्ही बॅटऱ्यांना वायरी जोडल्या, आणि गाडी झोपेतून उठावी तशी गुरगुरली. तेवढ्यात त्याला हळदीकुंकू लावलेल्या पत्रिका दिसल्या.

"पोरीचं लगीन का, ताई? मंग आम्हाला आवतण न्हाई का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रस्त्यात धावून आलेल्या माणसाला साधी पत्रिका देता येऊ नये! मी चाचरत रीत सांगितली. तो खळखळून हसला. "बिलकुल बराबर हाय. पहिला मान त्याचाच. चला, मी बी येतो. पुन्हा कुठं चावी फिरवली तर?"

राजूरला पोचलो, पण ह्यांचा आता स्वतःच्या हातावर विश्वास उरला नव्हता. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून ते गाडीतच बसले आणि तिथूनच कळसाला हात जोडले. मग नारळाचं ताट रामकिसननं घेतलं, पत्रिका मी घेतली, आणि आम्ही पायऱ्या चढलो.

गाभाऱ्यात पुजारीबुवांनी आमच्याकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "मुलीचे मामा ना? मग तुम्हीही पत्रिकेला हात लावा."

मी हातातल्या पत्रिकेची घडी नीट करत राहिले.

"व्हय महाराज," रामकिसन म्हणाला, आणि त्यानं हात लावला.

बाहेर आल्यावर मी ओले डोळे पुसत विचारलं, "भाऊ, तुम्ही हो कसं म्हणालात?"

"तुम्ही गप राह्यल्या. म्या बी गप बसलो असतो तर महाराजाला काय वाटलं असतं?" मग त्यानं टोपी नीट केली. "मजाक न्हाई, ताई. देवाम्होरं बोललो, आता मागं फिरणं न्हाई. पिवळी साडी मामाकडनंच असती ना? पिवळ्यात कोणता पिवळा, ते तुमची भावजय ठरवंल. त्याच्यात मी पडत न्हाई."

दुसरी पत्रिका मी तिथंच, पायरीवर, त्याच्या हातात दिली. तोवर खाली हे घामाघूम झाले होते. रामकिसननं दार उघडलं. "दाजी, उतरा. दर्शन घेऊन या. मी बसतो." 'दाजी' कोणाला म्हटलं, म्हणून ह्यांनी आधी मागच्या सीटवर वळून पाहिलं!

लग्नात तो भगवा फेटा बांधून आला, वहिनी आली, मोसंब्यांची क्रेटं आली. गुरुजींनी हाक मारायचा अवकाश, रामकिसन शर्वरीला दंडाला धरून असा घेऊन आला, जणू तिला खांद्यावर खेळवून त्यानंच मोठी केली होती. सगळे नवरानवरीकडे पाहत होते. मी तेवढी त्या फेट्याकडे पाहत होते आणि अक्षता टाकायच्या विसरून मुठीत तशाच धरून उभी होते.

टपरीपाशी गाडी माझ्या हाकेसरशी चालू झाली असती, तर पत्रिका ठेवून आम्ही मुकाट घरी जेवायला आलो असतो. चमत्कार झाला की योग आला, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. काय मागावं हेच मला कळलं नव्हतं. गणरायाला कळलं होतं, एवढं मला पुरतं. आता आमच्या गाडीची बॅटरी उतरत नाही, उतरायला तिला सवडच मिळत नाही. महिन्याकाठी 'कधी येताय?' म्हणून वहिनीचा फोन येतोच. निघण्याआधी मी देवापुढे फूल ठेवते. पूर्वीसारखी मागण्यांची माळ लावत नाही. हात जोडते आणि म्हणते, 'घराकडे लक्ष असू दे, बाप्पा. मी माहेरी निघालेय.'